तुर्भ्याचा इंचशास्त्री

ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचे डोंगर यांच्या मधल्या औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः तुर्भ्याच्या एमआयडीसीतील लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांभोवती, संध्याकाळी जी मंडळी घोटाळताना दिसतात, त्यांतील इंचशास्त्री हा वर्ग संख्येने अल्प असला तरी आवाजाने बहुमतात असतो. त्याची स्थावर-जंगम मालमत्ता म्हणजे एक जुनी स्पोर्ट क्वाड बाइक. नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या चारचाकी एटीव्हीच्याच कुळातील, परंतु उड्यांच्या आणि वेगाच्या शर्यतींसाठी घडवलेली, ठेंगणी व तापट गाडी. ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, आणि तुर्भ्यात रस्ता सोडून जी मोकळी जागा उरते तिच्यावर ट्रक उभे असतात. परिणामी गाडी चालवण्यात जाणारा वेळ वाचतो व तो सगळाच्या सगळा मागच्या अ‍ॅक्सलच्या रुंदीच्या चिंतनाला मिळतो.

हे चिंतन निराधार नसते. स्पोर्ट क्वाडचा मागचा अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जखडणारा एकसंध पोलादी दांडा. त्याला चेन फिरवते, आणि वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारा, मोटारीत असतो तसा डिफरन्शियल येथे नसतो. गाडी कलंडण्याला होणारा विरोध हा चाकांमधील अंतराच्या निम्म्याचे गुरुत्वमध्याच्या उंचीशी जे गुणोत्तर पडते त्यावर ठरत असल्याने, अंतर वाढवले की गाडी सहजी आडवी होत नाही. मात्र त्याच वाढीमुळे ती वळायलाही तयार होत नाही. काटकोनी वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा या अंतराच्या सुमारे 1.57 पट जास्त वाट चालावी लागते, म्हणजे अंतर 4 इंचांनी वाढवले तर ही तफावत सुमारे 16 सेंटीमीटरने वाढते, आणि ती कोणत्या तरी टायरने घसरून किंवा हवेत उचलले जाऊन फेडावी लागते. म्हणूनच झाडांमधल्या अरुंद वाटांना 46 इंचांच्या आसपासची रुंदी मानवते, तर मोकळ्या मोटोक्रॉस मार्गावर ती 50 इंचांपर्यंत नेतात.

इंचशास्त्र्याला हे सारे मुखोद्गत असते; येत नाही ती एकच गोष्ट, निवड. त्याच्या वादाचा पहिला अध्याय मोजमापाचा असतो, कारण रुंदी टायरच्या बाहेरच्या कडांमध्ये मोजावी की टायरच्या मध्यरेषांमध्ये, हे ठरेपर्यंत चहाची पहिली फेरी संपते. दुसरा अध्याय अधिक गहन आहे: ‘प्लस चार’ अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजू मिळून 4 इंच, परंतु पुढची चाके तोलून धरणारे ए-आर्म ‘प्लस दोन’ म्हणून मिळतात तेव्हा ते 2 इंच एकेका बाजूचे असतात, त्यामुळे चार आणि दोन येथे समान ठरतात, आणि या समीकरणावर एक अख्खा रविवार निघतो. अ‍ॅक्सल तसाच ठेवून हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती, बसवण्याचा स्वस्त उपाय कोणी सुचवला, तर चाक बाहेर सरकल्याने बेअरिंगवर वाढणाऱ्या भाराचे तो असे करुण वर्णन करतो की सुचवणाराच चहाचे पैसे देतो.

गाळ्यातील लेथवरचे मिस्त्री या विद्वत्तेकडे पूर्ण सहिष्णुतेने पाहतात. त्यांचा हिशेब सुतात चालतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ईएन-24 या चिवट मिश्र पोलादाचा बार आणून द्या, आटे आणि खाचा पाडून देतो, एवढेच त्यांचे म्हणणे असते. “पण शेठ, चालवणार कुठं?” हा त्यांचा एकमेव प्रश्न अख्ख्या शास्त्राचे उत्तर पोटात बाळगून असल्यामुळे इंचशास्त्री तो ऐकू न आल्यासारखा करतो. अनिश्चित माणसांसाठी 46 पासून 50 इंचांपर्यंत कमी-जास्त करता येणारे अ‍ॅक्सलही निघाले आहेत, परंतु त्यांनी त्याच्या दुःखाचा परिहार होत नाही. एका प्रश्नाचे पाच प्रश्न मात्र होतात.

अखेर निर्णय लागतो तो भौतिकशास्त्राबाहेर. गाडी ज्या सोसायटीत उभी असते तिथले पार्किंगचे बाजूचे गेट 4 फुटांचे, म्हणजे 48 इंचांचे आहे, हे वॉचमन टेप न लावता सांगतो आणि 50 इंचांचा पक्ष एका वाक्यात निकालात निघतो. सामान्य माणूस येथे 46 इंचांवर समाधान मानून घरी गेला असता. इंचशास्त्री गेट रुंद करण्यासाठी सोसायटीच्या कमिटीकडे रीतसर अर्ज करतो, आणि त्या अर्जात प्रस्तावित रुंदीची जागा, पुढील चर्चेअंती भरण्यासाठी, कोरी सोडतो.