विहिरीवरच्या ऑटोचे संगणकरावांस अनावृत पत्र

श्री. संगणकराव,
मुक्काम पतसंस्थेची कुलूपबंद आतली खोली, यांसी

विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीतल्या ऑटोस्विचचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

रात्री लाईट गेली आणि तांबडं फुटायच्या आत आलीही. आली तशी मी मोटर उठवली, ऊस भिजायला लागला. आपण मात्र पडून. सकाळी आपले हिशोबनीस पुण्यातल्या घरून हाका मारत होते, आपण ओ देत नव्हतात. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सासुरवाडीला. दुपारी कुणी तरी येऊन बटण दाबलं, तेव्हा स्वारी उठली. पान वाढलेलं असताना ‘बसा’ म्हटल्याशिवाय पाटावर न टेकणाऱ्या जावयाचा हा थाट आम्हाला काही साधला नाही.

बरं, आपण झोपलेले नसताच. आपले वाडवडील, ते एटी सप्लायवाले, आमच्याच वळणाचे होते. त्यांचं बटण म्हणजे सरळ मेन स्विच. दाबलेलं राहिलं की लाईट येताच यंत्र चालू. १९९५ साली इंटेलने एटीएक्स आणलं आणि घराण्याचा दर्जा वाढला. आता बटण वीज जोडत नाही, मदरबोर्डाकडे नुसता अर्ज करतं. बंद असतानाही पाच व्होल्टचा खुराक आत चालूच असतो. बोर्डाने अर्ज मंजूर करून सप्लायची हिरवी तार ग्राउंडला जोडली, की पंखे फिरतात. म्हणजे लाईट आल्याचं आपल्याला कळतं. उठायचं नसतं, एवढंच.

आणि ते लेखी असतं. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये शिरलं की कुठे ‘एसी बॅक’, कुठे ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’, डेलकडे ‘एसी रिकव्हरी’ अशा नावाने ते सापडतं. पर्याय तीन: पडून राहा, उठा, किंवा आधी होतात तसे व्हा. कारखान्यातून येताना बहुधा पहिलाच निवडलेला.

तिसरा, ‘लास्ट स्टेट’, दिसायला फार शहाणा. पण यूपीएसची बॅटरी संपत आली की त्याचा प्रोग्रॅम आपल्याला रीतसर बंद करतो. मग आधीची अवस्था कोणती? बंद! लाईट आली तरी आपण आज्ञाधारकपणे आडवे. म्हणून तिथे ‘पॉवर ऑन’च हवं. त्यातही मेख आहे. आपण बंद झालात आणि यूपीएसने आउटपुट तोडण्याआधीच लाईट परतली, तर आपल्या लेखी ती गेलीच नव्हती. मग उठायचं कशाला? एकदा बंद करायला घेतलं की लाईट आली तरी क्षणभर आउटपुट तोड, असं यूपीएसलाही बजावून ठेवावं लागतं. शिवाय बंद यंत्राने वीज खाऊ नये म्हणून युरोपच्या नियमापायी आलेलं ‘ईआरपी’ चालू असेल, तर काही बोर्डांवर हा पर्यायच गायब होतो. आणि तो तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला, की अनेक बोर्ड शिकवलेलं सगळं विसरतात.

आता माझं ऐका. आपण उठत नाही म्हणून कुणी आपल्याला काढून टाका म्हणत नाही. मी उठतो, तर ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं महावितरणचं आवाहन. कारण खोटं नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. पण थ्री-फेज रात्री येणार, उसात बिबट्या. मालकाने बॅटरी घेऊन खटका दाबायला यायचं, की मला बसवायचं? आमच्यात लाईट आल्यावर थोडं थांबून मोटर उठवणारे टायमरवालेही आहेत. शेजाऱ्याआधी पाणी मिळावं म्हणून मालक तो शून्यावर ठेवतात, हे मात्र मी नाकारत नाही.

आपल्या थोरल्या भाऊबंदांचं, सर्व्हरांचं, बरं आहे. डेलच्या सर्व्हरला लाईट आल्यावर किती थांबून उठायचं हे नेमून देता येतं, त्यात ‘रँडम’ असाही पर्याय आहे. खोलीतले सगळे एकाच क्षणी उठू नयेत म्हणून. आमच्याच दुखण्यावरचं औषध वातानुकूलित खोलीत पोचलं, शिवारात आवाहनाचा कागद पोचला.

असो. पुढच्या वेळी किल्ली घेऊन कुणी आलं की ‘पॉवर ऑन’ करून घ्या, एफ१० दाबून जतन करायला लावा. खात्रीसाठी आधी रीतसर बंद व्हा, मग प्लग काढून परत लावू द्या. चालू असताना मात्र ओढू देऊ नका.

आपला,
ऑटो

ता. क. पुण्याहून जोडायचा तो प्रोग्रॅम लॉगिननंतरच सुरू होत असेल, तर तोही सर्व्हिस म्हणून लावून घ्या. नाही तर पासवर्डच्या चौकटीसमोर दिवसभर पंखा फिरवत बसाल आणि बिल तेवढं पतसंस्थेला येईल.