बॅच नंबर दोन

पिंपरी-चिंचवडच्या नोकरदाराचं एक दुःख पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना निरनिराळे वार दिले गेले, त्यात आमच्या कपाळी गुरुवार आला. आणि गुरुवार म्हणजे दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. मार्गशीर्ष असेल तर शिवाय महालक्ष्मीचा. म्हणजे आठवड्यातल्या ज्या एका दिवशी माणसाला बसायला सवड असते, नेमकं त्याच दिवशी ‘बसता’ येत नाही. त्यामुळे आमच्याकडे जे काय व्हायचं ते बुधवारी रात्री, बाराच्या आत. निगडीपासून भोसरीपर्यंत कुठल्याही वाईन शॉपसमोर बुधवारी संध्याकाळी जाऊन उभे राहा. इतकी शिस्तीची रांग आम्ही रेशनलाही लावलेली नाही.

या बुधवारांचा मेनू वर्षानुवर्षं ठरलेला : ओल्ड मंक, थम्सअप आणि खारे शेंगदाणे. वडिलांच्या तरुणपणी थम्सअपही नव्हतं, नुसतं पाणी. वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आमच्या भाषेत एच.ए.त होते. एच.ए.ची स्थापना १९५४ची आणि ओल्ड मंकही बाजारात आली ती १९५४लाच. सर्दी झाली की वडील या दोन्ही उत्पादनांत फारसा भेदभाव करत नसत.

गेल्या दिवाळीत कॅलिफोर्नियाहून भाचा आला आणि त्याने माझा ग्लास पाहून कपाळावर हात मारला. “मामा, एवढ्या चांगल्या रममध्ये थम्सअप?” मग त्याने बॅगेतून दोन वस्तू काढल्या. एक चिनी मातीचा मग. त्याला वटारलेले डोळे, विचकलेले दात आणि डोकं पोकळ. दुसरी एक छोटी बाटली, दालचिनीच्या पाकाची.

आईने मग हातात घेऊन फिरवून पाहिला. “कुठला म्हसोबा हा?”

“टिकी आहे, आजी. पॉलिनेशियातल्या कोरीव मूर्ती असतात ना, त्यातला. याच्यात कॉकटेल पितात.”

“देवाच्या डोक्यात दारू ओतता?” आईने मग उचलला आणि देवघराखालच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे जास्वंद होती. तो मग आता आमच्या घरात प्यायचा राहिलेला नाही.

बाटलीवर बारीक अक्षरांत घटक लिहिले होते : पाणी, साखर, दालचिनी. आणि ठळक अक्षरांत : ‘स्मॉल बॅच’. किंमत अठरा डॉलर. आईने हिशेब विचारला, भाच्याने दीड हजार रुपये सांगितले आणि आई बराच वेळ काही बोलली नाही.

मला मात्र त्या ‘स्मॉल बॅच’ने डिवचलं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्याकडे ‘छोटी बॅच’ हे शब्द कोणी छाती फुगवून उच्चारत नाही. छोटी बॅच म्हणजे सेटिंगमध्येच निम्मे जॉब स्क्रॅप. छोटी बॅच म्हणजे संध्याकाळी कस्टमरच्या परचेसवाल्याचा फोन, “साहेब, आमची लाईन थांबतीय, तुमचा टेम्पो कुठंय?” आणि तिकडे हे लोक तीच गोष्ट लेबलवर छापून वर पैसे घेतात! एका लिटरची बॅच करायला असं लागतं काय, असं मी भाच्यासमोर बोलून गेलो. पुढचं सगळं त्या वाक्याने झालं.

आधी थोडा अभ्यास केला. अमेरिकेतली दारूबंदी १९३३च्या डिसेंबरात उठली आणि त्यानंतर लगेच हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या इसमाने बांबू-झावळ्या लावून एक बार काढला. पुढे त्याने स्वतःचं नावही बदलून डॉन बीच करून घेतलं. रम आणि पंचाची रीत कॅरिबियनची, सजावट पॉलिनेशियाची, गिऱ्हाईक हॉलिवूडचं. आपल्याकडे चायनीज भेळ असते ना, तोच प्रकार. पण माणूस पक्का धंदेवाईक. आपले बारवालेच पाककृती घेऊन शेजारच्या दुकानात जातील या भीतीने त्याने बाटल्यांवर नावंच लिहिली नाहीत. ‘स्पाइस नंबर २’, ‘स्पाइस नंबर ४’ एवढंच. ओतणाऱ्यालाही आपण काय ओततोय ते ठाऊक नाही. त्याचं १९३४चं ‘झोंबी’ हे पेय एका गिऱ्हाइकाला दोनच्या वर मिळायचं नाही, इतकं जहाल. त्याची मूळ कृती उलगडायला जेफ बेरी नावाच्या अभ्यासकाने कित्येक वर्षं घातली. शेवटी सगळं अडलं होतं ते ‘नंबर ४’वर. आणि नंबर ४ काय निघाला? दालचिनीचा पाक.

मी हे आईला मोठ्या रंगात सांगितलं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. “मग बरोबर आहे त्याचं. मी तरी गोड्या मसाल्याचं सगळं तुझ्या काकूला कुठं सांगितलं?”

दुसरं नाव कळलं ते ‘माय ताय’. हे १९४४चं, ओकलंडच्या ट्रेडर व्हिक याचं. साठ मिली जमैकन रम, लिंबू, संत्र्याच्या सालीचं मद्य, बदामाचं सरबत आणि ‘रॉक कँडी सिरप’. हे शेवटचं काय असावं म्हणून मी अर्धा तास शोधलं. खडीसाखरेचा पाक! अक्कलकोटहून येताना आपण पुडीत आणतो ती खडीसाखर.

आता उत्पादन. घटक ठरवले : साखर अर्धा किलो, पाणी अर्धा लिटर, दालचिनीचे चार तुकडे, बारा लवंगा, बोटभर आलं, जायफळ किसून, दोन लिंबांची साल. ‘ऑलस्पाईस’ हाही हवा होता. जमैकाचं फळ, वासात लवंग-दालचिनी-जायफळ तिन्ही. तो मागायला पिंपरी कॅम्पात गेलो, तर दुकानदाराने ठाम आत्मविश्वासाने कबाबचिनी बांधून दिली. कबाबचिनी ही मिरीची शेपटीवाली चुलतबहीण, ऑलस्पाईसशी तिचा काही संबंध नाही. मी पुडी उघडली तेव्हा घरी पोचलो होतो. आमच्याकडे याला इनकमिंग इन्स्पेक्शन म्हणतात आणि ते मालाचं पेमेंट करण्याआधी करायचं असतं.

फ्रिजवर मी चुंबक लावून कंट्रोल प्लॅन टांगला. तपासणीला रिफ्रॅक्टोमीटर आणला. मशिनच्या कूलंटमध्ये तेल किती हे बघायचं ते दुर्बिणीसारखं नळकांडं. काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आतली रेष कितीवर आलीय ते वाचायचं.

“अहो, ज्यानं कूलंट बघता त्यानं खायचं बघणार?” बायको म्हणाली.

“तीन वेळा धुतलाय.”

“कशानं?”

या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं. काचेवर पाकाचा थेंब टाकला, गॅलरीत जाऊन डोळा लावला. रेषच दिसेना. ते यंत्र ३२ ब्रिक्सपर्यंतचं, म्हणजे शंभर भागांत बत्तीस भाग साखर, एवढंच वाचणारं. आमचं कूलंट सहा-आठच्या वर जात नाही आणि माझा पाक ५०चा असायला हवा. मग पाक आणि पाणी सारख्या वजनाने मिसळून पुन्हा बघितलं : २५. गुणिले दोन, ५०. अगदी ड्रॉइंगप्रमाणे. फर्स्ट पीस ओके. मी बाटलीवर बॅच नंबर एक, तारीख, माझी सही असा टॅग लावला.

आईने चमचाभर पाक ताटलीत टाकला, अंगठा आणि तर्जनी त्यात बुडवून उघडमीट केली आणि बोटं पदराला पुसली. “हा पाक नाही. साखरपाणी आहे. आंबेल.”

“आई, पन्नास ब्रिक्स आहे!”

“असू दे. आंबेल.”

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अमेरिकेची बाटली बॅगेतून इतक्या लांब आली तर माझी खिडकीत राहायला काय हरकत, हा त्यामागचा विचार. दहाव्या दिवशी बूच आपोआप उडालं. आत बुडबुडे, वर राखाडी-पांढरी साय. मी बाटली बेसिनपाशी नेत होतो तेवढ्यात आई आली. तिने आत वाकून पाहिलं.

“तुझ्या वडिलांनी जन्मभर बुरशीच वाढवली,” ती म्हणाली, “पण त्यांना एच.ए. पगार द्यायची. पेन्सिलीन व्हायचं त्याचं. तू ही फुकट वाढवलीस.”

रिजेक्शन झालं की मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारायचं, अशी आमच्या कारखान्याची पद्धत. मी वही घेऊन बसलो. आई पहिल्याच ‘का’ला थांबली : “मी सांगितलं ते ऐकलं नाहीस.” पुढचे चार ‘का’ रिकामे राहिले.

बॅच नंबर दोन माझ्या सेकंड शिफ्टमध्ये झाली. रात्री साडेबाराला घरी आलो तर जिन्यातच वास. कोजागरीचं दूध, दिवाळीचा फराळ आणि कोणाच्या तरी लग्नातला मसाला सोडा एकत्र आल्यासारखा. ओट्यावर रूह अफजाची जुनी बाटली, आत तांबूस तपकिरी पाक. टॅग नाही, तारीख नाही. चिकटपट्टीवर बॉलपेनने एकच आकडा : ४.

यंत्र काढलं. एक भाग पाक, दोन भाग पाणी. २२. गुणिले तीन, ६६. म्हणजे पाण्याच्या दुप्पट साखर. इतक्या साखरेत बुरशीला पाय रोवता येत नाही. आईने हे कशावर मोजलं? “दोन बोटांत चिकटला पाहिजे पण तार नाही सुटली पाहिजे.” ते नळकांडं मी दुसऱ्या दिवशी गुपचूप टूलरूममध्ये जमा केलं.

चव घेतली. दालचिनी पुढे, आलं घशात, जायफळ मागे कुठेतरी. आणि आणखी एक काहीतरी, जे ओळखीचं होतं पण जिभेवर नाव येत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “क्वालिटीवाला आहेस ना? शोध.”

मग बुधवार आला. भाचा केव्हाच परत गेला होता. जमैकन रम, संत्र्याचं मद्य वगैरे आपल्याकडे नाही. तेव्हा ‘माय ताय’, ‘झोंबी’ सगळं बाजूला ठेवून या सगळ्यांचा आजा धरला, पंच. हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असं सांगतात : दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. प्रमाण जुनं, कॅरिबियनमधलं : आंबट एक, गोड दोन, कडक तीन, पातळ चार. पंधरा मिली कागदी लिंबू, तीस मिली आईचा नंबर चार, पंचेचाळीस ओल्ड मंक, बाकी बर्फाचं पाणी. बर्फ ठेचलेला हवा असतो, खडे चालत नाहीत. मी पंचात बर्फ बांधला (हा नेसायचा पंचा, गैरसमज नको) आणि खलबत्त्यातला बत्ता घेतला.

तिसऱ्या दणक्याला दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे साहेब, बनियन-लुंगीत. रात्रीचे सव्वाअकरा. “अहो, फरशी बसवताय का?” मी दार उघडून बाजूला झालो. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “काय आहे?”

दोन ग्लास केले. माझा ‘कायझेन स्पर्धा, उत्तेजनार्थ’ असं छापलेल्या मगमध्ये. खरं सांगतो, थम्सअपशी वीस वर्षं संसार केलेला मी, पण त्या रात्री ओल्ड मंक मला नव्याने भेटली. तिच्यातला तो व्हॅनिलासारखा गोडवा दालचिनीने वर काढला आणि लिंबाने त्याला जागेवर आणलं. साहेबांनी अर्धा ग्लास संपेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, आणि ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

दुसरा ग्लास भरताना माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. बाराला पाच कमी. हात थांबला.

“ओत की,” आतल्या खोलीतून आई. झोपली नव्हती तर. “वार सूर्योदयाला लागतो. इंग्रजी गुरुवार पाळतोस का तू?”

मी कालनिर्णय बघितलं. सूर्योदय पावणेसातच्या पुढे होता. एवढी मोठी सवलत या घरात गेल्या वीस वर्षांत कोणी मला सांगितली नव्हती.

साहेब ग्लास नाकाशी धरून बसले होते. “दालचिनी कळतीय. लवंग कळतीय. पण ते एक काहीतरी आहे बघा, मागून येतं… काय घातलंय?”

मी आतल्या खोलीच्या दिशेने पाहिलं.

“नंबर चार,” आई म्हणाली, आणि खट्कन दिवा बंद झाला.