रांगेतला फोन

जुन्या मोबाइलवर मेल आपोआप येतो, ही अफवा टॉवरखाली राहणाऱ्यांनी पसरवली. माझी बदली गुजरातच्या सीमेलगतच्या सुरगाणा तालुक्यात झाली तेव्हा माझ्याकडे नोकियाचा ई-६३ होता, आणि ‘मेल पाठवला म्हणजे पोचला’ असं मानणारं मुख्य कार्यालय होतं.

खरं तर मेल फोनला शोधत येतच नाही. जुनी पद्धत अशी, की दर पंधरा मिनिटांनी रेशनच्या दुकानात जायचं, ‘साखर आली का?’ विचारायचं आणि ‘नाही’ ऐकून परत यायचं. बॅटरी या हेलपाट्यांतच संपायची. मग पुश आलं. त्यात एकदाच विचारायचं आणि काउंटरला टेकून उभं राहायचं. दुकानदार गप्प, साखर आली तरच तोंड उघडणार. आयमॅप आयडल नावाची १९९७ सालची नियमावली तर सांगते, की अर्ध्या तासाने दुकानदार तुम्हाला गेलेलं समजू शकतो, तेव्हा निदान दर २९ मिनिटांनी खाकरून ‘आहे हो मी’ म्हणावं. इतकी माया सरकारी परिपत्रकात सापडायची नाही.

गोची मधल्या माणसाची. फोन आणि सर्व्हर दोघेही गप्प आहेत म्हटल्यावर मोबाइल कंपनीची यंत्रणा लाइन कापून टाकते आणि दोघांनाही कळवत नाही. दुकान कधीच बंद झालेलं, आमचा फोन मात्र श्रद्धेने रांगेत. स्क्रीनवर ‘कनेक्टेड’.

साहेबलोकांकडे ब्लॅकबेरी. त्यांचा मेल ब्लॅकबेरी कंपनीच्या स्वतःच्या केंद्रातून फिरून यायचा, त्यामुळे त्यांचा रुबाब वेगळा. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या यंत्रणेतला एक स्विच बिघडला आणि युरोपपासून भारतापर्यंतचे साहेब काही दिवस सुरगाण्याला येऊन राहिले, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्याकडे जुलैत पाऊस लागला की लाइट जायची, लाइटमागोमाग टॉवर. टॉवर असला तर २जी. त्यावर बोलणं चालू असेतोवर डेटा थांबतो. नेमका तेव्हाच मुख्य कार्यालयातून फोन.

“मेल पाठवलाय. मिळाला?”

“नाही साहेब.”

“बघा, आत्ता येईल. मी लाइनवर आहे.”

ते लाइनवर असेपर्यंत तो येणं शक्य नव्हतं, आणि ते लाइनवरून हटत नव्हते. शिपाईमामा शेवटी म्हणाले, “साहेब, त्यांना म्हणावं फोनवरच वाचून दाखवा.” आम्ही तसंच केलं. सबंध परिपत्रक मी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं, जावक क्रमांकासकट.

उंबरठाणच्या बाजूला गेलं, की फोन मुकाट्याने गुजरातचा टॉवर धरायचा. रोमिंगचे पैसे पडत, म्हणून तिकडे डेटा बंद. २०२२ च्या अखेरीस तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा मुंबईला केवढा धक्का बसला! आमचे फोन त्याआधीच जाऊन आले होते.

पुढे मी पुश बंदच करून टाकलं. संध्याकाळी रेंज असेल तिथे उभं राहून हाताने मेल ओढायचा. बॅटरी रात्रीपर्यंत पुरू लागली. कुठल्याशा तालुक्याच्या गावी असा बटणांचा फोन अजून कुणी बाळगून असेल, तर त्याच्या वरिष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे: मेल पाठवा, खुशाल पाठवा, पण तो पोचला का, हे विचारायला लगेच फोन करू नका.