‘धमाका’ या शब्दाचं काय करायचं?

अभिनंदन. पुलगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन आता तुम्ही, आणि मी सुटलो. चार्ज देताना किल्ल्यांसोबत दोन गोष्टी सांगायची रीत असते, म्हणून सांगतो.

आधी भीती काढा. कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात, असं जो तो सांगेल. गोंदिया जिल्ह्यातल्या एका अ‍ॅडमिनवर खरंच गुन्हा दाखल झाला होता. मार्च 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. दोघांचा मिळून हेतू असल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजची जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही, असं ठरलं. त्याच्या हातात माणूस घेणं आणि काढणं, एवढंच तर असतं, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय अ‍ॅडमिनला दिली. तेव्हापासून लोक विचारतात, “भाऊ, तुम्ही पुसत काऊन नाही?”

पुसायचं काय, ते आता ऐका. शेपटीला ‘एपीके’ असलेली फाइल, मग नाव पीएम किसान असो की गाडीचं चलान, दिसताक्षणी पुसा. पाठवणारा सख्खा काका असला तरी लाज धरू नका. बहुतेक वेळा काकांचा फोन तोवर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. पैसे गेले असतील तर आधी सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा, रडणं नंतर.

पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी येणारं गुलाबाचं फूल मात्र स्पॅम नाही. ती मामांची हजेरी आहे. चार दिवस फूल आलं नाही तर घरी फोन करा.

बंद पडलेल्या आगगाडीचा, ‘आर्वीची शकुंतला पुन्हा धावणार’ हा मेसेज दर उन्हाळ्यात येतो. राहू द्या. तेवढीच गाडी चालते.

आता मुख्य कलम. नवा अ‍ॅडमिन उत्साहाने वाईट शब्दांची यादी करतो: ऑफर, लॉटरी, मोफत, धमाका. मीही केली होती. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने अशा याद्यांचा नाद सोडून दुसरीच युक्ती मांडली. आपल्याला आलेली चांगली पत्रं एका ढिगात, रद्दी दुसऱ्यात, आणि कोणता शब्द कुठे किती वेळा येतो ते यंत्राने मोजायचं. त्याच्या रद्दीत भडक लाल रंगाचा संगणकी आकडासुद्धा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा ठरला. यातली खरी गोम अशी की मोजणी ज्याच्या त्याच्या पत्रांवर होते. एकाची रद्दी दुसऱ्याची बातमी असू शकते.

पुण्यात ‘धमाका’ म्हणजे शंभर टक्के सेल. आपल्याकडे दारूगोळ्याचं भांडार आहे. 31 मे 2016 रोजी, मध्यरात्र उलटताच तिथे आग लागली, दोन अधिकारी आणि आगीशी झुंजणारे कर्मचारी गेले, आजूबाजूच्या गावांतली माणसं अंधारात घर सोडून निघाली. नोव्हेंबर 2018 मध्ये सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट झाला, त्यात पोटासाठी आलेले मजूर मेले. अशा रात्री कोणी ‘धमाका झाला, बाहेर पडा’ असं लिहिलं आणि माझ्या यादीने ते साड्यांच्या जाहिरातींसोबत फेकलं, तर? हे सुचलं त्या दिवशी यादी फाडली.

म्हणून शब्दाचे सोयरे पाहा. धमाक्याच्या शेजारी ‘फक्त आज’, ‘50 टक्के’, लिंक असेल तर पाखडून टाका. शेजारी गावाचं नाव असेल, दिशा असेल, तर हात आवरा. गव्हाबरोबर किडे रगडले तर चालतं, किड्यांच्या नादात गहू जाऊ नये.

गेल्या दिवाळीत मेसेज आला: ‘उद्या सकाळी 10 वाजता नाचणगाव रोडवर मोठा धमाका.’ ना लिंक, ना टक्के. नंबर ओळखीचा. मी आधी खिडकीतून पाहिलं, मग फोन लावला. कापडाचं दुकान उघडणार होतं. पुसलं नाही. एवढंच म्हणालो, “भाऊ, पुढच्या वेळी ‘महोत्सव’ लिहा.”