पेनड्राइव्हचा धनी

जव्हारच्या स्टँडबाहेर जीप भरत आली, की ड्रायव्हर आधी आरसा हलवतो. मागची गाडी दिसली नाही तरी चालेल, मधल्या सीटवरचं जोडपं दिसलं पाहिजे. नवी नवरी असेल तर १९९०च्या ‘आशिकी’ची गाणी. लग्न जरा जुनं झालं असेल तर १९९१चा ‘साजन’. कॉलेजातली दोघं ओळख नसल्यासारखी दोन खिडक्यांना चिकटली असतील तर ‘सैराट’. आणि वाटेत कुणाचा बाप चढला, की तत्काळ विठ्ठलाचं भजन. हा सगळा निर्णय पहिला गिअर पडायच्या आत झालेला असतो.

जव्हार-मोखाड्यातला एकूण प्रेमव्यवहार आपल्याच जिवावर चाललाय, याबद्दल त्याला शंका नाही. “गाणं चुकलं ना भाऊ, की बाई खिडकीबाहेर बघते,” हे त्याचं शास्त्र. चढाला आवाज मोठा, कारण इंजिन ओरडतं. उताराला बारीक, कारण तेव्हा माणसं बोलतात. अजय-अतुल यांनी ‘सैराट’चं संगीत हॉलिवूडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. इथे ते दाराच्या फाटक्या स्पीकरातून येतं आणि नेमक्या व्हायोलिनला खड्डा लागतो. नवरी नवऱ्याच्या खांद्यावर आदळते. त्याचंही श्रेय तो गाण्यालाच देतो.

पावसाळ्यात दाभोसा धबधबा बघायला आलेली मुंबईची जोडपी मात्र त्याला खपत नाहीत. त्यांना स्वतःचं ब्लूटूथ जोडायचं असतं. दोन वळणांत रेंज जाते, गाणं अर्ध्यात अडकतं आणि दोघांचं वाजतं. हा एक शब्द न बोलता पेनड्राइव्ह खोचतो.

त्याची गाठ पडते ती मागच्या बाकावरच्या म्हातारीशी. “अरं पोऱ्या, बंद कर तुझा डबा. आमच्या वक्ताला तारपा होता!” भात कापून झालं की दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा तो तारपा रात्र रात्र घुमायचा. वाजवणारा मध्ये, भोवती हातात हात गुंफलेली पोरं-पोरी. तारप्याला पाठ कुणी दाखवायची नाही. वाजवणाऱ्याने चाल बदलली, की सगळ्यांचे पाय बदलायचे. “माझा म्हातारा तिथंच घावला,” म्हातारी सांगते. हाच तारपा वाजवता वाजवता जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा पद्मश्रीपर्यंत पोचले.

“मी पण तेच करतो ना आजी! माणसं बघून चाल बदलतो.”

“तो पाय बघायचा. तू आरसा बघतोस. रस्ता बघ!”

तेव्हा जव्हारहून जोडीने मोखाड्याला निघालात, तर मधली सीट धरा आणि गाण्यावर मत देऊ नका. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. फक्त मागे एखादी म्हातारी बसली असेल, तर गाणं थांबवायला सांगा आणि तिला बोलू द्या. पेनड्राइव्ह काय, परतीच्या फेरीलाही तोच असतो.