निर्जन किनारा, साक्षीदारासह

कोकणातला निर्जन किनारा शोधून काढण्याचा पहिला अधिकार आम्हा नांदेड-लातूरकरांचा आहे, आणि हे मी गांभीर्याने म्हणतो आहे. जो जितका लांबून येतो, त्याला किनारा तितका निर्जन दिसतो. गणेशगुळ्याच्या किंवा भोगव्याच्या माणसाला तिथे रापण कुणाची, होडी कुणाची, माडांच्या हद्दीवरून कुठल्या भावांची बोलाचाल बंद आहे, हे सगळे दिसत असते. त्याला एकांत परवडत नाही. पुणेकराची निदान खानावळवाल्याशी तरी ओळख असते. आम्हाला काहीच ठाऊक नसते, म्हणून सगळेच आमच्यापासून सुरू होते. वास्को द गामाची पात्रता तरी याहून वेगळी कुठे होती? १४९८ साली तो कालिकतला पोचला तेव्हा मालिंदीहून घेतलेला वाटाड्या जहाजावरच होता, तरी शोध नावावर लागला तो गामाच्या. आम्ही वाटाड्याही घेत नाही. मोबाइलमधली बाई सांगेल तिकडे व्हॅन वळवतो. ‘वाट चुकलो म्हणून सापडला’ हे मात्र जरा तपासून घ्यावे. नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर करत सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटातून थेट समुद्राकडे उतरतो. सरकारने तिथवर आणून सोडलेले असते, आमचे कर्तृत्व शेवटच्या कच्च्या रस्त्यापुरते.

कुणी म्हणेल, एकांतच हवा तर सोबती कशाला? अहो, एकट्याने पाहिलेल्या एकांताला गावाकडे काडीची किंमत नाही. ‘खरंच हो, चिटपाखरू नव्हतं’ असे दुसऱ्या कुणी म्हणावे लागते. शिवाय कॅमेऱ्याकडे पाठ आणि लाटांकडे तोंड करून विचारमग्न उभे राहिलेल्या माणसाचा फोटो त्या माणसाला कसा काढता येईल? तो सोबत्यानेच काढायचा, आणि त्यात सोबत्याची सावली येऊ द्यायची नाही. पुढे हा फोटो ‘जागा कुणाला सांगू नका’ असे बजावून सगळ्या नातेवाइकांना पाठवला जातो.

खरा आक्षेप गोदावरीचा आहे. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण या बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठला. नांदेड तिच्या काठावर. लातूरकडची मांजरा वाटेत तेरणेला घेऊन कंदकुर्तीपाशी तिला मिळते. म्हणजे पाण्याच्या न्यायाने आमचा समुद्र पूर्वेला, आंध्रातल्या अंतर्वेदीकडे. रत्नागिरी आमची कुणीच लागत नाही. आमच्या शेतांतली माती, गणपती, निर्माल्य, गोवर्धन घाटावर सोडलेल्या अस्थी यांची वाट तीच. आम्ही व्हॅनची चाके पश्चिमेला वळवतो तेव्हा आमचे वाडवडील उलट्या दिशेने समुद्राला निघालेले असतात, हे आम्हाला सुचतही नाही. या प्रवासात न्यायालयाचाही हात आहे. धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा २.७४ टीएमसीचा, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. नदीला पाणी असते तेच हे दिवस! दरवाजे लावायची मुभा मिळेपर्यंत पावसाळा आटोपलेला असतो. खालच्या लोकांचाही हक्क आहे, पोचमपाड धरणावर त्यांचीही शेते आहेत, हे मला मान्य आहे. पण मान्य असूनही काठावर उभे राहून पाणी जाताना बघणे, ही काही पर्यटनाची मजा नव्हे.

आणि त्याच महामार्गावर मिरज लागते. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती १४४ कलम लागू होते. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या शहरातला माणूस समुद्रापुढे उभा राहून ‘एवढं पाणी, अन् कामाचं कामून नाही?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या अरसिकपणाला हसायची पद्धत आहे. मला तो किनाऱ्यावर उच्चारलेला सर्वांत विचारी प्रश्न वाटतो. व्हॅनमध्ये धपाट्यांच्या डब्याशेजारी वीस लिटरचा जार घेऊन तो समुद्र बघायला आलेला असतो, आणि तो जार ही त्याची हौस नसते. गंमत अशी, की अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातही मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर जातो. निर्जन किनाऱ्याच्या मागेच, माडांआड, हंडे मांडलेले असू शकतात. आमच्या माणसाने तिथे जाऊन नुसते ‘टँकर कधी येतो?’ एवढे विचारले, तर अर्धा तास गप्पा होतील, चहा होईल, आणि त्याचा निर्जन किनारा कायमचा बुडेल. म्हणून तो विचारत नाही. तोंड लाटांकडे ठेवतो. फोटोतही तेच बरे दिसते.

मग एवढे कळते तर अंतर्वेदीला का जात नाही, असे मला विचारले जाईल. तिथे गोदावरीची एक शाखा समुद्राला मिळते, नरसिंहाचे जुने देऊळ आहे, नात्याचा दावाही पक्का आहे. पण लग्नाच्या पंगतीत ‘कोकणात एक जागा सापडली’ म्हटले की शेजारचा घास हातात धरून थांबतो. ‘आंध्रात समुद्रावर जाऊन आलो’ म्हटले, की तो पुढची पुरी वाढून घेतो आणि विचारतो, ‘तिरुपती झालं का मग?’