कियासी अंकल

आमच्या मजल्यावरचे अंकल लिफ्टमध्ये शिरले की आधी माझ्या गळ्याकडे बघतात. गैरसमज नको. मंगळसूत्र दिसलं की त्यांना हायसं वाटतं. "गुड. ब्लॅक बीड्स. प्रोटेक्शन." ज्या दिवशी ते घालायला मी विसरते, त्या दिवशी आठव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत अंकल मुकाट्याने माझी काळजी करतात.

सिंगापुरात साठीपुढचा प्रत्येक पुरुष अंकलच असतो, त्यामुळे त्यांचं नाव विचारायची वेळ आजवर आलेली नाही. मीही त्यांच्या लेखी नुसती 'गर्ल'. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला गर्ल म्हणणारं माणूस शेजारी राहत असेल, तर त्याचं थोडं ऐकून घ्यावं.

इथे हॉक्केन भाषेतले दोन शब्द येताजाता कानावर पडतात. कियासू म्हणजे आपलं काहीतरी हुकेल या धास्तीत जगणारा. बुफेत पहिल्याच फेरीला तीन प्लेटी भरून आणणारा. कियासी हा त्याचा थोरला भाऊ. तो मरणाला भितो. अंकल कियासी. कोपीटियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, ते पंख्याखाली बसत नाहीत, कारण पंखा पडू शकतो. बिनसाखरेची काळी कॉफी, कोपी-ओ कोसोंग, पुढ्यात आली तरी शेजारच्याने आधी पिऊन बघावी असा त्यांचा प्रयत्न असतो. रक्तदाबाच्या गोळ्या दोन खिशांत, एक खिसा फाटला तर! आणि प्रत्येक खबरदारीनंतर एकच वाक्य: "असलेलं बरं, लाह."

आम्ही २०१४ मध्ये इथे राहायला आलो, तेव्हा त्यांच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर पाच लाल चड्ड्या वाळत होत्या. मला वाटलं, हा इसम भलताच रंगेल दिसतोय. मग कळलं की ते वर्ष घोड्याचं आणि अंकलही घोड्याचे. चिनी समजुतीप्रमाणे आपल्या प्राण्याचं वर्ष बारा वर्षांनी फिरून आलं की ते आपल्याला जड जातं, आणि त्यावर आतून लाल नेसणं हा उतारा. आपल्याकडे साडेसातीत शनीला तेल घालतात. इथे निदान तेलकट काही नाही.

पुढचा घोडा २०२६ चा. म्हणून २०२५ च्या सुरुवातीलाच अंकलनी जाहीर केलं की या खेपेला चड्डीवर भागणार नाही. आता वय झालं, गळ्यात काहीतरी पाहिजे. अगरूच्या लाकडात कोरलेला बुद्ध.

अगरूच का? जेड पडलं तर फुटतं, सोनं चोर ओढतो. आणि अगरूची जन्मकथा तर खास अंकलसाठीच लिहिल्यासारखी आहे. हे झाड धडधाकट असतं तेव्हा त्याचं लाकूड फिकट आणि बिनवासाचं. त्याला जखम झाली, त्यात बुरशी शिरली, की ते स्वतःला वाचवायला आत गडद राळ धरू लागतं. सुवास त्या राळेचा. "बघ गर्ल," अंकल म्हणाले, "झाडसुद्धा कियासी!" आपल्या अगरबत्तीतला अगर तो हाच; आता बत्तीत तो नावापुरता उरलाय.

मग दर शनिवारी वॉटरलू स्ट्रीट. तिथलं क्वान इम देवीचं देऊळ १८८४ सालचं, आणि त्याला लागून १८७० सालचं श्रीकृष्णाचं. चिनी माणसं क्वान इमला हात जोडून झाले की जाताजाता कृष्णापुढेही उदबत्त्या खोचतात. अंकल दोन्हीकडे खोचतात हे सांगायला नको. मी कृष्णाच्या निमित्ताने जायचे आणि पलीकडच्या फू लू शाऊ संकुलातल्या मूर्तींच्या दुकानांत त्यांच्या मागे पिशवी धरून उभी राहायचे.

तिथे मूर्ती 'विकत' घेत नाहीत. चिनीत म्हणतात छिंग, म्हणजे आमंत्रण देऊन आणायची. मला हे लगेच पटलं. आपण तरी गणपती खरेदी केला असं कुठे म्हणतो? फक्त आमंत्रणाआधी अंकल पाहुण्याची जी झडती घ्यायचे, ती कस्टमवाल्यांनी शिकावी अशी. आधी वास. दुकानभर घमघमाट असला की अंकल बाहेर. तेलात बुडवलेलं असणार, खऱ्या अगरूचा वास लाजरा असतो. मग वजन. मग कागद, कारण या झाडाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ साली बँकॉकच्या परिषदेत निर्बंध आले. सगळ्यात शेवटी पाणी. उंची अगरू पाण्यात बुडतो, त्याच्या चिनी नावातच बुडणं आहे. अंकल घरून कपात पाणी घेऊन यायचे. तुकडा तरंगला तर हलका. एकदा एक टपकन तळाला गेला. मी सुटकेचा श्वास सोडला. अंकल बराच वेळ कपात बघत राहिले. "आत शिसं भरलं असेल तर?"

अशाच एका शनिवारी दुकानातल्या बाईने जन्मतारीख विचारली. प्रत्येक प्राण्याचा रक्षणकर्ता वेगळा: घोड्याचा महास्थामप्राप्त, सापाचा समंतभद्र. अंकलनी ऐटीत सांगितलं, ३ फेब्रुवारी १९५४, घोडा. बाईने पंचांग काढलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "कोण म्हणतं?"

भानगड अशी, की त्या दिवशी चिनी पाडवा होता. चंद्राच्या हिशेबाने घोडा त्याच दिवशी लागला. पण काही ज्योतिषी प्राणी बदलतात तो सूर्याच्या हिशेबाने, वसंत लागतो त्या दिवशी. आणि वसंत लागला ४ तारखेला. आपला पाडवा चंद्राचा आणि संक्रांत सूर्याची, तसंच. म्हणजे एका हिशेबाने अंकल घोडा, दुसऱ्या हिशेबाने साप. आणि २०२५ हे सापाचं वर्ष! ते निम्मं उलटलं होतं, आणि अंकल पांढऱ्या चड्डीत हिंडत होते.

त्या संध्याकाळी बांबूवर पुन्हा लाल निशाणं लागली.

दोन महिने साप की घोडा हे चाललं. शेवटी वैतागून मी मध्ये पडले, आणि तीच चूक झाली. औरंगाबादच्या सात नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वर आहे, भक्तांना आठ महाभयांतून सोडवणारा. चीनमध्ये गेल्यावर याच अवलोकितेश्वराची क्वान यिन झाली, तीच ही क्वान इम. 'पुरुषाने गळ्यात क्वान यिन घालावी, बाईने बुद्ध' अशी चिनी म्हणही आहे. मी फोनवर लेण्याचा फोटो दाखवून म्हटलं, "अंकल, ही घ्या. माझ्या गावाकडची आहे. प्राणी कुठलाही असो, चालते."

अंकलनी फोटो बोटांनी मोठा केला आणि एकेक भय मोजायला लागले. आग. तलवार. बेड्या. बुडतं जहाज. सिंह. साप. हत्ती. "थांब. साप धोक्यात?" हो. "मी साप असलो तर?" मी गप्प. "आणि समंतभद्र हत्तीवर बसतो. हत्तीपण धोक्यात?" मी फोन मागितला. दिला नाही. "लिफ्टचं काही नाही यात. कोलेस्टेरॉलचं नाही. बाथरूममध्ये घसरण्याचं नाही." पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकारांनी सिंहाला जागा दिली आणि ओल्या फरशीला दिली नाही, याची मला उगाच लाज वाटली.

आँटी दारात भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. त्या एरवी बोलत नाहीत. "चौतीस वर्षं बंदरात क्रेनवर चढला," त्या म्हणाल्या. "वारा, पाऊस, विजा. गळ्यात टॉवेल होता. आता खाली कॉफीला जातो, तर याला बोधिसत्त्व पाहिजे."

"तेव्हा भीती वाटायची नाही?" मी अंकलना विचारलं.

"तेव्हा ही करायची ना काळजी," ते म्हणाले. "मला वर जाऊन काम असायचं."

शेवटी क्वान इमच निघाली. अंगठ्याच्या पेराएवढी; काळपट तपकिरी, चेहऱ्याच्या बाजूने राळेची एक रेघ उतरलेली, जणू पदर. देवळात त्यांनी कौल लावला. अर्धचंद्रासारखे दोन तुकडे टाकायचे. एक पालथा एक उताणा पडला की देवीचा होकार. पहिल्याच फेकीला होकार आला. अंकलनी खात्रीसाठी आणखी दोनदा विचारलं.

आणि मग ती त्यांनी घातली का? छे. घामाने राळ खराब होते, साबणाने वास जातो, दोरा तुटला तर? क्वान इम झिपच्या पिशवीत, पिशवी माइलोच्या डब्यात, डबा कपाटात. खाली जाताना अंकलच्या खिशात देवळातला एक जुना कागदी ताईत असतो. क्वान इमच्या रक्षणासाठी अंकल आता बहुतेक घरीच असतात.

डिसेंबरात मी पुण्याला निघाले. पहाटे चारला टॅक्सीपाशी लाल चड्डीवर शॉर्ट्स चढवून अंकल उभे. हातात झिपची पिशवी, सोबत दुकानाचा कागद लॅमिनेट केलेला. "प्लेन," एवढंच बोलले. "येताना परत आण. आणि अंघोळ घालू नको तिला."

अंघोळ घातली नाही. पण पुण्यात सासूबाईंनी ती पाहिली, हुंगली, "अगं बाई, अगर!" म्हणाल्या, आणि मी चहा टाकून येईपर्यंत ती देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी, कपाळी हळदकुंकू लावून. तीन आठवडे त्यांनी तिला रोज नैवेद्य दाखवला. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर हळद राळेच्या रेघेत आणखीच बसली.

परतल्यावर मी पिशवी अंकलच्या हातात ठेवली आणि चप्पल काढायच्या निमित्ताने खाली बघत राहिले. त्यांनी भिंग आणलं. बराच वेळ बघितलं.

"यलो काय आहे?"

सांगितलं. सासूबाई, देव्हारा, रोजची पूजा, एकवीस दिवस.

अंकलनी भिंग खाली ठेवलं. आवाज एकदम हलका झाला.

"फ्री?"